मयतासह सहा

निकानोर सेतिना समुद्रात मेला नाही, याचं मेक्सिकोतल्या कोसुमेल बेटाला त्याच्या मरणाइतकंच वाईट वाटलं. अर्धं आयुष्य हा माणूस परक्या पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून ओढीच्या पाण्यात खाली नेत होता आणि नेले तितके मोजून वर आणत होता. आणि गेला कशाने, तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बसवताना शिडीवरून घसरून. शेजारचे औषधदुकानवाले अबुंदिओ म्हणाले, "शेवटी पाण्यानेच घात केला." ती टाकी रिकामी होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सुतकात लोकांना थोडं बोलू द्यावं लागतं.

मरण्याआधी तो काही काळ शुद्धीवर होता आणि तेवढ्यात जो घोळ घालायचा तो घालून गेला. बायकोला, एल्सीला, त्याने सांगितलं की माझी राख 'म्हातारीच्या दाता'पाशी ठेवा. हा दात म्हणजे बेटाच्या दक्षिणेला पाण्याखाली उभा असलेला प्रवाळाचा सुळका. तिथे ओढ इतकी की मासेसुद्धा तोंड एकाच दिशेला करून उभे असतात. "आणि ठेवायला दादाच गेला पाहिजे," तो म्हणाला. "माणसं पाठवायची नाहीत. स्वतःच्या हाताने."

दादा म्हणजे थोरला भाऊ विल्बर्थ, जमीन-नोंदणी कचेरीतला निवृत्त उपनिबंधक. वय साठीला टेकलेलं. जन्म बेटावरचा, पण समुद्र त्याने गुडघ्याच्या वर कधी येऊ दिला नव्हता. कागदावर मात्र त्याचा हात असा बसलेला की गावातली निम्मी भांडणं त्याच्या शिक्क्याला घाबरून मिटत. निकानोर त्याला दादा म्हणे तो फक्त अडचणीत, एरवी 'साहेब'. "साहेब, समुद्राची नोंदणी झाली का हो? हद्द कुठे घातलीत?" असं म्हणून सगळ्या टेबलाला हसवायचा. त्यामुळे ही शेवटची इच्छा आहे की शेवटची थट्टा, हे विल्बर्थला आजवर ठरवता आलेलं नाही.

दर रविवारी जेवताना निकानोरचं पुराण चाले. ओढीशी भांडायचं नाही, आडवं निघायचं. जोडीदार हाताच्या अंतरावर पाहिजे. हातातून काही निसटलं तर त्याच्या मागे जायचं नाही, वस्तू दुकानात मिळते. चुकलास तर मिनिटभर शोध आणि सावकाश वर ये, थोड्या खोलीवर थांब, आणि डोकं बाहेर काढायच्या आधी नारिंगी फुगा वर सोड, कारण लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. आज उतरायचं की नाही हे कप्तान ठरवतो. आणि हजेरी ज्याची त्याने द्यायची; दुसऱ्याने दिलेली हजेरी म्हणजे खून. विल्बर्थ हे सगळं शेंगांच्या आमटीबरोबर गिळत असे. ऐकलं एकदाही नव्हतं, पण पाठ झालं होतं. आपल्याला शाळेतल्या कविता अशाच येतात.

तर विल्बर्थ पाणबुड्याची विद्या शिकायला निघाला. बायको ग्लेंडी म्हणाली, "म्हाताऱ्या, तुला अंघोळीला बादली पुरते." अबुंदिओंनी सल्ला दिला की कानात व्हिनेगर घाल. ते घातल्यावर कान दुखायला लागला, तेव्हा त्याच कानासाठी त्यांनीच थेंब दिले. समोरच्या चारो मावशींचं म्हणणं, नारिंगी रंग शार्कला आवडतो, फुगा काळा घे. काळा फुगा दिसणार कोणाला, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शार्कला तर नाही ना दिसणार?" या युक्तिवादाला उपनिबंधकाच्या तीस वर्षांच्या नोकरीत उत्तर सापडलं नव्हतं. रबरी पोशाख चढवताना तो खांद्यापाशी अडकला, पुढे जाईना की मागे येईना. शेवटी अबुंदिओ, मावशी आणि गॅस पोचवायला आलेला माणूस अशा तिघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. गावभर बातमी गेली की साहेबांचं बाळंतपण सुखरूप झालं.

शिकवायला फिदेलिया होती, निकानोरचीच चेली. ती हसत नसे. पोहण्याच्या तलावात विल्बर्थ तीन आठवडे बुडबुडे काढत बसला. "साहेब, तुमचं कौतुक करावं असं अजून काही दिसलेलं नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही घाबरलात की स्थिर होता. बाकीचे हातपाय मारतात." हे आयुष्यातलं एकमेव प्रशस्तिपत्र ज्यावर शिक्का नव्हता, आणि विल्बर्थने ते मनात जपून ठेवलं.

आता परवानगी. समुद्री उद्यानाच्या कचेरीत खिडकीमागच्या तरुणाने अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"राख ही वस्तू की व्यक्ती?"

"माझा भाऊ आहे," विल्बर्थ म्हणाला.

"वस्तू असेल तर उद्यानात कचरा टाकण्यात येतं. दंड आहे. व्यक्ती असेल तर प्रवेशाचा पट्टा लागेल मनगटाला."

"मनगट नाही त्याला."

"मग पट्टा कुठे बांधायचा ते तुम्ही बघा. पण व्यक्ती धरली तर संख्येत येणार. त्या जागी एका गटात पाण्यात सहाच."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. विल्बर्थला मात्र भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण हे पाणी त्याच्या ओळखीचं होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली, स्वतःचं पेन काढलं आणि मसुदा लिहून दिला: 'पाण्यात उतरणाऱ्या व्यक्ती, मयतासह, सहा.' तो स्वतः, फिदेलिया, निकानोरचे तीन जुने सोबती आणि निकानोर. तरुणाने वाचून मान डोलावली. असा निर्दोष मसुदा त्या खिडकीत कधी आला नसेल. पट्टा मिठाच्या कलशाला बांधला. कलश मेरिदा शहरातून मागवलेला, पाण्यात काही तासांत आपोआप विरघळणारा. परवानगी एकाच दिवसाची मिळाली, आणि तो दिवस नेमका मृतांच्या सणाचा आला. सगळ्यांना वाटलं, योग जुळून आला.

त्या सकाळी धक्क्यावर कप्तान हासिन्तो पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला. निकानोरची होडी तोच चालवायचा. "आज नको," तो म्हणाला. "ओढ वेडी झालीय. दुपारून उत्तरेचा वारा येईल. परवा जाऊ."

"कागदावर आजची तारीख आहे," विल्बर्थ म्हणाला.

"पाण्याने कागद वाचलेला नाही, साहेब."

"पुन्हा अर्ज करायचा म्हणजे महिना जाईल. आणि आज मृतांचा सण आहे. आज नाही तर कधी?"

एल्सी म्हणाली की घरी खड्ड्यात पिब पुरलेत, मक्याच्या पिठात कोंबडी भरून, निखाऱ्यांवर. तीस माणसं जेवायला येणार आहेत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो कपाटावर बसून राहील. कप्तानाने टोपी सारखी केली आणि इंजिन चालू केलं. कप्तान ठरवतो, हा नियम त्या घटकेला मोडला. म्हणजे शिळ्या आमटीसारखा बाजूला सरकवला गेला, एवढंच.

तेवढ्यात धावत आला रुफो. निकानोरचा चौथा सोबती, पाठीवर टाकी, डोळे सुजलेले. "मला सोडून चाललात? माझ्या लग्नात त्याने माझे जोडे सांभाळले होते." कागदात त्याला जागा नव्हती. कप्तानाने विल्बर्थकडे पाहिलं, विल्बर्थने दुसरीकडे पाहिलं. निवृत्तीनंतर माणूस थोडा सैल होतो. रुफो चढला. म्हणजे जिवंत सहा झाले आणि मयत वेगळं.

उतरण्याआधी कप्तानाने हजेरी घेतली. ज्याने त्याने आपापला आवाज दिला. यादी संपली तशी एल्सी म्हणाली, "त्याचंही नाव घ्या." आमच्याकडे मयताच्या वेळी नाव पुकारतात आणि सगळे मिळून उत्तर देतात. कप्तानाने घसा खाकरला. "निकानोर सेतिना."

"हजर," सगळे म्हणाले. विल्बर्थचा तर आवाज सगळ्यांच्या वर गेला. त्या होडीवर दुसऱ्याने दिलेली ती पहिली हजेरी, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

वाटेत विल्बर्थ होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ताडपत्रीच्या आड आडवा पडून ओकत होता. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

खाली गेल्यावर मात्र त्याला आश्चर्य वाटलं. आपण पोहत नव्हतो, आपल्याला नेलं जात होतं. फिदेलियाने दंड धरला होता. सुळक्याच्या आडोशाला सगळे जाऊन बसले. तिथे पाणी शांत होतं आणि दोन हातांवर नदीसारखं धावत होतं. रुफोची कल्पना अशी की सगळ्यांनी डोळे मिटून मिनिटभर शांतता पाळायची. पाण्याखाली शांतता पाळणं म्हणजे वाळवंटात वाळू नेण्यासारखं, पण दुःखात सुचेल ते सुचतं. वर हे आधीच ठरलं होतं. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि हात जोडायचे म्हणून फिदेलियाने दंड सोडला.

विल्बर्थने कलश कपारीत ठेवला. तो नीट बसला नाही. एक कोपरा वर राहिला आणि त्या कोपऱ्याला ओढ लागली. कलश हळूच गडगडला, पट्टा मिरवत आडोशाच्या बाहेर गेला.

निसटलेल्या वस्तूमागे जायचं नाही, वस्तू दुकानात मिळते. विल्बर्थला हे शब्दन् शब्द आठवलं. पण भाऊ कुठल्या दुकानात मिळतो? तो मागे गेला.

कलश त्याने पकडला, छातीशी धरला आणि वळून पाहिलं तर म्हातारीचा दात नव्हता. निळं होतं. सगळीकडे एकसारखं निळं. वर, खाली, मागे. घाबरून तो स्थिर झाला. फिदेलियाचं खरं ठरलं. मग मिनिटभर शोधलं, सावकाश वर आला, घड्याळ बघत थोड्या खोलीवर थांबला. हे त्याने अगदी बरोबर केलं, ते त्याच्या नावावर लिहायला हवं. फुगा मात्र आधी सोडला नाही, कारण त्याला दोन हात लागतात आणि एका हातात निकानोर होता.

डोकं बाहेर काढलं तेव्हा होडी दिसली. लांब होती, पण दिसत होती. लाटा वाढल्या होत्या. होडीतले सगळे कडेला उभे राहून त्याच्याच दिशेने हात हलवत होते. विल्बर्थचं काळीज जागेवर आलं. त्यानेही हात हलवला. त्यांनी पाण्यात फुलं टाकली. विल्बर्थला वाटलं, फुलं कशाला? मग होडी वळली आणि घराकडे निघाली.

होडीवर काय झालं होतं ते त्याला नंतर कळलं. खाली डोळे उघडल्यावर साहेब दिसेनात, तेव्हा फिदेलियाला वाटलं रुफोने त्याला वर पाठवलं, आणि रुफोला वाटलं फिदेलियाने. एका पोराला पाच मामा असले की त्याला शाळेतून आणायला कोणीच जात नाही, तसं. वर येताच फिदेलियाने पहिल्यांदा विचारलं, "साहेब वर आले ना?" रुफो म्हणाला, "नाळेवर असतील. ओकत." ताडपत्रीआडून बूट दिसत होते. कप्तानाने मोजलं. पाच.

"एक कमी," तो म्हणाला.

एल्सीने डोळे पुसले. "तो कमीच राहणार, कप्तान. त्याला आपण ठेवून आलो ना?"

यावर सगळ्यांना हुंदका आला. कप्तानाने टोपी काढली. तरी सवयीचा माणूस, त्याने कागद उघडून पाहिला: मयतासह सहा. वर पाच, खाली मयत एक. रुफो कागदाबाहेरचा होता हे कोणाला आठवलं नाही, आणि हिशेब इतका चोख जुळला की त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, फुलं टाकायला लावली आणि इंजिन चालू केलं. विल्बर्थच्या हातून नोकरीत कधी चुकीचा कागद गेला नव्हता. हाही चुकीचा नव्हता.

धक्क्यावर ग्लेंडी कोरडा शर्ट घेऊन उभी होती. सगळे उतरले. "म्हातारा कुठाय?"

"झोपलेत पुढे," रुफो म्हणाला आणि ताडपत्री बाजूला केली. बूट होते. त्यांत मोजे नीट घडी घालून ठेवले होते, विल्बर्थच्या पद्धतीने.

कप्तानाच्या हातात अजून कागद होता. तो पुढे करत तो म्हणाला, "वहिनी, यात सहा होते. पाच आले आणि एक..."

ग्लेंडीने कागद वाचला. नवऱ्याचं अक्षर तिला ओळखू आलं नसतं तरच नवल. "मयतासह सहा," ती म्हणाली. "यातलं मयत कोणतं, कप्तान?"

इकडे विल्बर्थने पहिल्यांदा खूप शिट्टी वाजवली. मग फुगा काढला. निकानोरचाच जुना, कडेला ठिगळ लावलेला, तोंडाने फुगवायचा. तो उभा राहिला, माणसापेक्षा उंच, नारिंगी, आणि थोड्या वेळात मान टाकू लागला. ठिगळातून हवा जात होती. विल्बर्थने पुन्हा फुंकला. तो पुन्हा वाकला. फुंकायचं, धरायचं, शिट्टी मारायची, फुंकायचं. बेटाची कडा बारीक होत गेली आणि पोहून जायची फार इच्छा झाली.

"ओढीशी भांडायचं नाही, साहेब," निकानोर म्हणाला.

"तू गप्प बस," विल्बर्थ मोठ्याने म्हणाला. "तुझ्यामुळे झालंय हे. लोकांचे भाऊ घड्याळ मागे ठेवतात."

"पाय पोटाशी घे. ऊब राहील."

"माहीत आहे. दर रविवारी सांगत होतास."

"ऐकत होतास?"

याचं उत्तर द्यायच्या आधी त्याचं लक्ष छातीशी धरलेल्या कलशाकडे गेलं. तो लहान झाला होता. कोपरे गेले होते, आणि बोटांच्या मधून काहीतरी बारीक, करडं सुटत होतं. विल्बर्थने दुसरा हातही त्याच्याभोवती घातला, फुगा दातांत धरला. जितकं घट्ट धरावं तितकं ते लवकर जात होतं. उत्तरेकडे आभाळ काळं झालं. वारा गार सुटला. थट्टा करायची सोय आता कशातच नव्हती, आणि तो रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा, तेही आख्ख्या समुद्रात एकटा असताना, म्हणजे अब्रू तेवढी राहिली. रडताना फुगा तोंडातून निसटला तेव्हा त्याला ठरवावं लागलं. दोन हातांत एकच गोष्ट मावत होती. त्याने फुगा पकडला.

उरलेला निकानोर पाण्याबरोबर पुढे गेला. दाताच्या कपारीत नाही, सगळ्या ओढीत पसरून. विल्बर्थने फुगा तोंडाला लावला आणि फुंकत राहिला.

कप्तान हासिन्तोने धक्क्यावरच्या सगळ्या होड्या सोडल्या, पण स्वतः म्हातारीच्या दाताकडे गेला नाही. पडला तिथे शोधायचा नसतो, पाणी गेलं तिथे शोधायचा, हेही निकानोरचंच. बेटाच्या उत्तर टोकाच्याही पुढे, ऊन तांबूस होऊन गेल्यावर, ग्लेंडीला लाटेवर काहीतरी दिसलं, वाकलं, आणि पुन्हा ताठ झालं. "तो आहे," ती म्हणाली. "वस्तू अशी हट्ट करत नाही."

त्याला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे होते आणि डाव्या मुठीत उद्यानाचा पट्टा होता. मूठ उघडेना. ग्लेंडीने त्याला कोरडा शर्ट घातला, बटणं चुकवली. फिदेलिया शेजारी बसून त्याचे पाय चोळत होती. तिच्याने वर बघवत नव्हतं. विल्बर्थने एल्सीकडे पाहिलं. "दातापाशी नाही ठेवता आला, एल्सी. माझ्या हातातून गेला."

"स्वतःच्या हातातून ना?" एल्सी म्हणाली. "एवढंच सांगितलं होतं त्याने."

वारा वाढला होता आणि घाई होती, तरी कप्तानाने इंजिनाला हात लावला नाही. तो होडीच्या मधोमध उभा राहिला आणि एकेकाचं नाव घेऊ लागला, चेहऱ्याकडे बघत. फिदेलिया. रुफो. एल्सी. ग्लेंडी. ज्याने त्याने आपापला आवाज दिला.

"विल्बर्थ सेतिना."

"हजर," विल्बर्थ म्हणाला. आवाज फुटत नव्हता, म्हणून पुन्हा म्हणाला. "हजर."

कप्तानाने पुढचं नाव घेतलं. "निकानोर सेतिना."

एल्सीचे ओठ हलले. तिने तोंडावर हात ठेवला. रुफोने मान खाली घातली. होडीवर पाणी आपटत होतं, आणि सगळे ऐकत राहिले, कोणी कोणासाठी बोललं नाही.

मग कप्तानाने इंजिन चालू केलं.